कुलपातला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्यावर चित्र नाही, नाव नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते आणि नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात काचेमागे बराच काळ कोरीच पडून होते. कोऱ्या कॅसेटला स्वतःचं असं काही म्हणायचं नसतं. कोणी यावं आणि आपल्यात काही बोलावं, याचीच ती वाट पाहत असते.

मला देवरावांनी घेतलं. महाल नावाच्या वस्तीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागेच दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको सत्यवती भुलाबाईची गाणी म्हणायची. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या मुली मातीच्या भुलाबाईपुढे जमायच्या, टिपऱ्या खेळायच्या, झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायच्या. सगळ्यांना गायला सत्यवतीच हवी असायची, कारण जुन्या गाण्यांना ती स्वतःची कडवी जोडायची. त्यांची मुलगी जया लग्न होऊन काटोलला गेली. तिच्या सासरीही भुलाबाई बसायची, पण तिथे आईची गाणी नव्हती. म्हणून देवरावांनी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणला.

"यात म्हणू? मले लाज वाटते," सत्यवती म्हणाली.

"जयाले पाठवाचं आहे ना? मंग म्हण."

"तुमी बाहीर जा पयले."

देवराव बाहेर गेले. मग ती गायली:

"भुलाबाई भुलाबाई, धनी माझे गुणी,
चाकात भरती हवा, घरात भरेना पाणी."

"हे बी भरून राहिली का वं?" देवराव बाहेरून ओरडले. ते ओरडणं माझ्यात भरलं गेलं आणि तिचं हसणंही. त्या दिवसापासून मी कोरी राहिले नाही.

मी जयाकडे जायची होते, पण गेले नाही. त्याच हिवाळ्यात सत्यवती काविळीने गेली. "माझ्यापाशी राहू दे थोडे दिवस," देवराव जयाला म्हणाले. त्यांनी एक जुना टेपरेकॉर्डर विकत घेतला आणि दुकान बंद झालं की ते मला त्यावर लावत. मी गात असताना ते स्टोव्ह पेटवत नसत, कारण त्याच्या आवाजात तिचा आवाज बुडायचा. सकाळचा वरणभात तसाच थंड खात आणि ऐकत बसत. घरात बोलणारी मी एकटीच होते, आणि मलाही रोज तेच तेच बोलता येत होतं.

एकदा माझी फीत यंत्रात गुंतली. महालातच आनंदराव नावाच्या माणसाचं कॅसेटमध्ये गाणी भरून देण्याचं दुकान होतं. "संध्याकाळी या काकाजी," असं सांगून त्याने मला ठेवून घेतलं. फीत सोडवली, पेन्सिलीने गुंडाळली आणि वाजवून पाहिली. ऐकता ऐकता तो खुर्चीवर टेकला. मग त्याने एक कोरी कॅसेट शेजारच्या यंत्रात घातली, आणि माझ्यातलं सगळं तिच्यात उतरलं. मित्रांनो, खरं सांगते, मला काहीच दुखलं नाही. माझ्यातला एक शब्दसुद्धा कमी झाला नाही.

पुढच्या भुलाबाईच्या दिवसांत देवराव मला खिशात घालून काटोलच्या बसमध्ये बसले. आता ही जयाला द्यायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बसमधून उतरले तर बाजाराच्या तोंडाशी एका हातगाडीवर सत्यवती गात होती. संत्र्याच्या पेट्या उचलणारे लोक थांबून हसत होते. "घरात भरेना पाणी!" एकजण दुसऱ्याला म्हणाला, "तुह्यासारखाच आहे गा बुवा!"

"कोण आहे ही बाई?" देवरावांनी गाडीवाल्याला विचारलं.

"मालूम नाही जी. नागपूरचा माल आहे. मस्त म्हणते ना? देऊ का एक?"

जयाच्या घरी देवरावांनी पाणी घेतलं, नातीला मांडीवर घेतलं. मला मात्र त्यांनी खिशातून बाहेर काढलं नाही.

परत आल्यावर ते सरळ आनंदरावाच्या दुकानात गेले. "काहून केलं गा हे?"

"काकाजी, तुमची कॅसेट तुमच्यापाशीच आहे ना? मंग मी काय नेलं?"

"लोकं हासून राहिले होते तिथं. तिनं ते माह्यासाठी म्हटलं होतं."

आनंदराव वाईट माणूस नव्हता. त्याने काटोलहून उरलेल्या कॅसेटी परत मागवल्या, ज्यांनी विकत घेतल्या होत्या त्यांच्याकडूनही बदलून आणल्या, आणि देवरावांच्या समोर एकेक पुसून टाकली. तरी देवरावांचं समाधान होईना. माझ्या पाठीवर प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे होते. ते तोडले की कॅसेट पक्की होते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी ते पेचकसाने तोडले आणि आनंदरावाला दाखवले.

"यानं वरून दुसरं भरता येत नाही, एवढंच होते," आनंदराव म्हणाला. "उतरवणं कसं थांबवाल? जे तुमच्या कानाले ऐकू येते, ते मशीनलेबी येते. ऐकूच येऊ नये असं केलं, तरच थांबते."

"मंग तसंच करतो," देवराव म्हणाले.

आणि त्यांनी तसंच केलं. मला लोखंडी पेटीत, सत्यवतीच्या लुगड्यांखाली ठेवलं आणि कुलूप लावलं. जया आली की विचारायची, "बाबा, मले एक भरून आणा ना. मी कोणाले नाही देत."

"एकीच्या दोन झाल्या का दहा होतात," एवढंच त्यांचं उत्तर असे. आपणच ऐकलं तर फीत झिजेल, म्हणून तेही ऐकेनासे झाले. मी पेटीत आणि ते पेटीबाहेर, दोघेही गप्प. छत टिनाचं होतं. मे अखेरच्या नवतप्यात, त्या नऊ कडक दिवसांत, पेटीला हात लावला तर चटका बसायचा. असे कितीतरी उन्हाळे मी आत काढले. मला एकच काम येत होतं, आणि ते करायला कोणी सांगत नव्हतं.

मग एका वर्षी जया आली. तिची मुलगी पहिल्यांदा भुलाबाई मांडणार होती. या वेळी जयाने मला मागितलं नाही. ती चहाचा कप हातात धरून नुसतीच बसली आणि म्हणाली, "बाबा, आईचा आवाज कसा होता, मले आठवूनच नाही राहिला."

देवरावांनाही आठवत नव्हता. ते उठले, त्यांनी पेटी उघडली आणि मला टेपरेकॉर्डरमध्ये घातलं.

मी गायचा खूप प्रयत्न केला, पण उष्णतेने माझ्या फितीचे पदर एकमेकांना चिकटले होते. आधी घरघर आली, मग चिरका आवाज, मग फीत तटकन तुटली. जयाने तोंडावर पदर धरला.

देवरावांनी मला दुकानात नेलं तेव्हा आनंदरावाने मला उजेडात धरून पाहिलं. "काकाजी, फितीवरचा लेप निघून गेला, आवाज त्यातच असते. आतली थोडी फीत चांगली आहे. बाकी गेलं."

"त्या वेळच्या तुह्या कॅसेटी?"

"पुसल्या ना. तुमच्या समोरच."

"एकबी लपवली नाही?"

"नाही जी. जबान दिली होती."

देवराव स्टुलावर बसले. या माणसाने आपल्याला फसवलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आनंदरावाने खराब फीत कापली, उरलेली जोडली आणि मला यंत्रात घातलं. समोर कोरी कॅसेट लावली. "किती करू?"

"जयाले विचार," देवराव म्हणाले. मग म्हणाले, "नाही तर राहू दे. जो मागंल त्याले दे. काटोलच्या गाडीवाल्यालेबी दे."

मित्रांनो, मी आता एका डबीत पडून आहे. काटोलला, कुही गावाला, कुठल्या कुठल्या घरी सत्यवती गाते म्हणतात. त्या कॅसेटींना मी ओळखत नाही आणि त्या मला ओळखत नाहीत. पण जी गाणी माझ्यातून कापून टाकली, ती त्यांच्यापैकी कोणाजवळच नाहीत. तुमच्या घरी कोणाचा आवाज असेल तर त्याला उन्हात ठेवू नका, मधून मधून वाजवत जा, आणि कोणी मागितला तर द्या. दिल्याने माझं काही गेलं नव्हतं. जे गेलं, ते कुलपात गेलं.