तिच्या पाठीचा साचा

मी एक जुनी, निळी, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली गादी आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. मित्रांनो, गादीला डोकं नसतं हे मलाही कळतं. तरी फिरलं आहे.

मी झोपायची गादी नव्हे. मी कर्करोगाच्या रुग्णालयात, किरणोपचाराच्या खोलीत काम करते. माझ्या पोटात बारीक मणी भरलेले आहेत. पेशंट माझ्यावर आडवा झाला की पंपाने माझ्यातली हवा ओढून घेतात. मग मी दगडासारखी घट्ट होते आणि त्याच्या पाठीचा हुबेहूब साचा बनते. दर वेळी त्याने त्याच साच्यात पडायचं, म्हणजे निरनिराळ्या बाजूंनी येणारे किरण नेमके गाठीवर जाऊन भिडतात आणि शेजारच्या भागाला फारशी झळ लागत नाही. उपचार संपेपर्यंत माझ्या झडपेला कोणी हात लावायचा नाही. झडप उघडली की हवा आत शिरते, मी लोळागोळा होते आणि ती पाठ विसरून जाते.

एकदा माझ्यावर एक कंडक्टरबाई आल्या. त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन आधीच झालं होतं. आता फुप्फुसांत दोन गाठी दिसत होत्या.

"पसरलाय खरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण दोनच गाठी आहेत, लहान आहेत. नेम धरून मारता येतील."

"मग मारा की! वाट कसली बघताय?" बाई म्हणाल्या.

मशीन चालवणाऱ्या ताईने त्यांना हात डोक्यावर घ्यायला लावले आणि अजिबात हलू नका म्हणून बजावलं. "अहो, सगळा जन्म मी लोकांना पुढे सरका म्हणत आले," बाई हसल्या, "आणि आता मीच हलायचं नाही होय?" पण पडल्या मात्र निश्चल. त्यांच्या छातीतली धडधड मला जाणवत होती. मला त्या फार आवडल्या.

पहिला डोस नीट पार पडला. दुसऱ्या डोसच्या सकाळी त्यांच्या मोठ्या दिरांचा फोन आला. "आमच्याकडून उपचार बंद. पसरलंय म्हटल्यावर कशाला हाल करायचे तिचे? घरात ठरलंय आमचं."

"त्यांच्याशी बोलता येईल का?" ताईने विचारलं.

"ती झोपलीय. तिला काय विचारायचं त्यात?"

आणि ताईने ते ऐकून घेतलं! गाद्या मोजक्याच, दुसरा पेशंट साच्यासाठी ताटकळत बसलेला. डॉक्टरीणबाईंनाही न विचारता तिने माझी झडप उघडली. मी ओरडू शकले असते तर अख्खं रुग्णालय डोक्यावर घेतलं असतं.

तासाभरात कंडक्टरबाई दारात उभ्या. वेणी घट्ट बांधलेली, ठरल्या वेळेच्या आधी हजर. टेबलावर माझा ढीग पडलेला पाहून त्या थबकल्या. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने चाचरत सगळं सांगितलं.

बाईंनी तिथेच फोन लावला. "भाऊजी, छाती कोणाची? माझी ना? मग मी जिवंत असताना माझ्या वतीने नाही म्हणणारे तुम्ही कोण?" पलीकडून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. "माझ्या काळजीने? काळजी होती तर मला उठवायचं होतं!" फोन ठेवल्यावर मात्र त्या खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मग ताईला म्हणाल्या, "आणि तू गं? तू तरी विचारायचंस."

पुन्हा साचा, पुन्हा स्कॅन, पुन्हा सगळी आखणी. तेवढे दिवस गाठी आत वाढताहेत की काय, या धास्तीने बाईंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी राहिलेले डोस पूर्ण झाले. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. गादीला कोण सांगायला येतं?

मित्रांनो, मोठी माणसं तुम्हाला न विचारता तुमचं काही ठरवतात, तेव्हा किती राग येतो! आजारी माणसालाही तसाच येतो. तुमच्या घरी कोणी आजारी असेल तर त्याच्या उशाशी बसा आणि आधी त्यालाच विचारा.

परवा दुसऱ्या एका पेशंटच्या घरून असाच फोन आला. ताईने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "फोन त्यांच्याकडे द्या."

"अहो, मी मुलगा आहे त्यांचा!"

"असाल. फोन त्यांच्याकडे द्या."