दुखऱ्या गुडघ्यांचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं फिरलेलं आहे. लाकडाला कुठलं आलंय डोकं, असं म्हणून हसू नका. ज्याला येताजाता ‘शिक्षेचा बाक’ म्हणतात, त्याला राग येणार नाही तर काय गुदगुल्या होणार?

लोहारा तालुक्यात माकणी म्हणून गाव आहे. गावाच्या कडेला, धरणाकडं जाणाऱ्या वाटेवर, ख्रिस्ती मंडळीचं लहानसं प्रार्थनामंदिर आहे. वर पत्रे, निळ्या रंगाच्या भिंती, समोर लाकडी क्रूस आणि खाली सतरंज्या. एका अंगाला बाप्ये आणि एका अंगाला बाया मांडी घालून बसतात. साऱ्या मंदिरात बाक एकच. दाराजवळ, मागच्या भिंतीला टेकलेला. तो मी.

पण मी जन्मानं बाक नव्हे. आधी मी विठाबाईच्या घराची कडुलिंबाची तुळई होतो. मातीचं माळवद डोक्यावर पेललं आणि कधी कुरकुर केली नाही. मग त्र्याण्णव सालचा भूकंप आला. दगडामातीच्या भिंती बसल्या आणि मीही आडवा झालो. विठाबाई आणि तिचा नवरा श्रीपती अंगणात निजले होते म्हणून वाचले. लोक म्हणाले, पडक्या घराचं लाकूड पुन्हा वापरू नये, चुलीत घाला. ऐकून घ्या! इतकी वर्षं माझ्याखाली संसार झाले, तान्ह्यांचे पाळणे टांगले, आणि एकदा पडलो तर लगेच चुलीत!

श्रीपती मात्र हाडाचा सुतार. त्यानं माझ्यावर तळहात फिरवला, बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, ‘‘पडलं म्हनून काय झालं? आतून निबर हाय अजून.’’ त्यानं मला चिरलं, रंधलं, पाय बसवले. विठाबाईनं जवसाचं तेल पाजलं. मंदिर नव्यानं उभं राहिलं तेव्हा श्रीपतीनं मला डोक्यावर वाहून आणलं, दाराजवळ ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ‘‘ज्याचे गुडगे दुखत्यात, त्यानं हितं बसावं. देवाम्होरं बसताना मानसानं कन्हू नये.’’

ऐकलंत ना? माझ्या जन्माचं कारण हे एवढंच. दुखरे गुडघे.

आणि मी ते काम मन लावून केलं. म्हातारीकोतारी माझ्यावर टेकली. दिवस गेलेल्या लेकीसुना टेकल्या. भजनाच्या नादात झोपी गेलेली पोरं माझ्यावर आडवी झाली. श्रीपती शेवटी खोकल्यानं बेजार झाला तेव्हा तोही माझ्यावरच बसून प्रार्थना करायचा. तो गेला त्या रविवारी विठाबाईनं पदरानं मला पुसलं. माझं सगळ्यात मोठं कौतुक ते. त्यानंतर माझे दिवस फिरले.

आमच्या मंडळीचे पंच आहेत आण्णासाहेब. मोठं शेत, पांढरेशुभ्र कपडे, काखेत बायबल, आणि दुसऱ्याच्या पापाचा वास त्यांना दोन बांध ओलांडून येतो. एके वर्षी बांधावरून मारामारी केलेल्या एका माणसाला त्यांनी सगळ्यांदेखत माझ्यावर बसवलं. म्हणाले, ‘‘ज्यानं मंडळीचं नाव घालवलं, त्यानं बाकावर बसायचं. प्रभुभोजनाची भाकर आणि पेला त्याला मिळणार नाही. पंचांची खात्री पटली, की मग सतरंजीवर यायचं.’’ प्रभू येशूच्या आठवणीत सगळे मिळून घेतात ती भाकर आणि द्राक्षरसाचा पेला, त्यातूनच माणूस बाहेर! उपासना चालवणारे पाळकसाहेब तर नुकतेच आलेले, तरुण, देवाचं भय जेवढं तेवढंच पंचांचं. त्यांनी मान डोलावली आणि विषय संपला.

झालं! त्या दिवसापासून मी आरोपीचा पिंजरा झालो. आणि पुढची गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली, संताप येईल तुम्हाला. म्हाताऱ्यांनी माझ्यावर बसणं सोडलं! गिरिजाबाईचं अंग भारी आणि गुडघे कामातून गेलेले. पण माझ्यावर बसली तर लोक विचारतील, म्हातारपणी हिनं काय दिवे लावले? म्हणून ती ‘‘अगं आई गं, अगं बाई गं’’ करत सतरंजीवर उतरायची आणि उठवायला दोन बाया लागायच्या. मी चार पावलांवर रिकामा! सांगा, मित्रांनो, चटका बसणार नाही का?

आता शमुवेलची गोष्ट सांगतो. तो छोटा टेम्पो चालवायचा. गळा असा गोड, की त्यानं भजन धरलं की बाहेरचे गुराखीसुद्धा थबकायचे. पूर्वी दारू प्यायचा. मग एक दिवस सोडली, आणि दर वर्षी उभा राहून साक्ष द्यायचा, ‘‘देवानं मला चिखलातनं काढलं.’’ लोक डोळे पुसायचे. आण्णासाहेबही पुसायचे, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात लोहाऱ्याला सभा होती. मंडळी शमुवेलच्या टेम्पोतून गेली. सभा चालू असताना जुने दोस्त भेटले, चला म्हणाले, आणि हा गेला. पिऊन आला, कुणाला कळू दिलं नाही, आणि तसाच सगळ्यांना घेऊन निघाला. ओढ्याजवळच्या वळणावर टेम्पो कलंडला. बाकीच्यांचं खरचटण्यावर भागलं. विठाबाईचा गुडघा मात्र मोडला.

शमुवेलची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. आधी त्याचं माप त्याच्या पदरात घालतो. वाटेल तेवढं रड बाबा, पण म्हाताऱ्या माणसांना मागं बसवून पिऊन गाडी हाकतोस? ज्या देवानं काढलं म्हणून साक्ष देत होतास, त्याला काय वाटलं असेल? पंचांची बैठक बसली आणि शमुवेलला माझ्यावर बसवलं, तेव्हा मनात आलं, पाय मोडून घ्यावा आपणच आणि पाडावा याला खाली.

पण मित्रांनो, माणूस माझ्यावर बसला की त्याचा भार मला कळतो. शमुवेल रविवारमागून रविवार आला. भजनं झाली, त्यानं तोंड उघडलं नाही. सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचे, तो पुटपुटायचा, पण क्षमेची ओळ आली की त्याचे ओठ मिटायचे. प्रभुभोजनाचं ताट यायचं, पेला यायचा, माझ्यापर्यंत आला की वळायचा. आणि पुढून एकेक मान मागं वळून बघायची, हा कसा दिसतो ते. उपासनेला येता की तमाशाला?

आठवड्याच्या मधल्या एका वारी दुपारी तो एकटाच आला. मंदिरात चिटपाखरू नव्हतं. माझ्यावर बसला आणि काहीतरी कडक माझ्या फळीला टोचलं. विजारीच्या खिशात बाटली होती. अजून फोडलेली नव्हती. क्रूसाकडं बघायचा, मान खाली घालायचा, पुन्हा बघायचा. शेवटी बोलला, पण प्रार्थना नव्हे ती, भांडणच.

‘‘देवा, कुटल्या तोंडानं बोलू तुज्याशी? एकदा माफ केलंस, म्या ती माफी चिखलात घातली. आता पुन्ना मागाया लाज वाटती. ह्ये लोक म्हनत्यात, पंचांची खात्री पटली पायजे. तुजी पटली का न्हाय, त्ये तर सांग. या रईवारी पेला आला आन् माज्यापास्नं फिरला, तर म्या उठून जाईन. मग पुन्ना न्हाय यायचा. मग ही बाटली हाय आन् म्या हाय.’’

मला वाचा असती तर ओरडलो असतो, अरे वेड्या, पडलेल्याला उचलणं हेच तर त्याचं काम! मी पडलो तेव्हा श्रीपतीनं पंचांना विचारून उचललं होतं का? पण लाकूड काय बोलणार? तो गेला आणि मी रविवारपर्यंत तळमळत राहिलो.

रविवार उजाडला. शमुवेल आला, माझ्यावर टोकाला बसला, दाराकडं तोंड करून. बाटली खिशात होतीच. भजन सुरू झालं आणि दारात ठक ठक आवाज झाला. चार पायांच्या वॉकरवर भार देत विठाबाई येत होती. टेम्पो कलंडल्यापासून पहिल्यांदाच. भजन आपोआप थांबलं.

आण्णासाहेब लगबगीनं उठले. ‘‘अरे, खुर्ची आणा. विठाबाई, तुम्ही अशा पुढं या.’’

‘‘खुर्ची कशाला? बाक हाय की,’’ विठाबाई म्हणाली आणि वॉकर माझ्याकडं वळवला.

‘‘तिथं नको, विठाबाई. ती जागा मंडळीनं शिक्षा दिलेल्या माणसांची आहे. तुम्ही काही गुन्हा केला नाही.’’

मग मात्र म्हातारी भडकली. अशी भडकली, की माझा सगळा राग तिच्या तोंडून बाहेर पडला म्हणा.

‘‘मला शिकवू नगा, आण्णासाब! माज्या घराची तुळई हाय ही. माज्या मालकानं दुकत्या गुडग्यांसाटी केला हा बाक, कुनाचं नाक कापाया न्हाय. आन् तुमची पंचांची बैटक बसली, ह्याला हितं बसीवला, पेला बंद केला. गुडगा कुनाचा मोडला? माजा! मग मला कुनी इच्यारलं का? एक तरी मानूस घरी आला का, विठाबाई, तुज्या मनात काय हाय म्हनून?’’

पाळकसाहेब आपल्या चपलांकडं बघत होते. चपला दाराबाहेर होत्या, म्हणजे पायांकडं.

शमुवेल उठला. ‘‘मावशी, तुमी बसा. म्या जातो.’’

‘‘कुटं जातूस? बस खाली!’’ तिनं त्याचं मनगट धरलं आणि कण्हत माझ्यावर टेकली. ‘‘तुज्यापायी मला एकलीला उटता येत न्हाय. आता तू गेलास तर मला धरून उटवनार कोन? सरक जरा.’’

तो सरकला. ती त्याच्या अगदी जवळ बसली आणि तिच्या कमरेला काहीतरी लागलं.

‘‘ह्ये काय रं टोचतंय?’’

शमुवेलचा चेहरा राख झाला. विठाबाईनं पदराआडून चाचपलं. तिला कळलं. मला वाटलं, आता ही बाटली वर धरून साऱ्यांना दाखवणार आणि संपलं सगळं. पण ती त्याच्या कानाशी वाकली. त्याला आणि मलाच ऐकू गेलं.

‘‘फोडली न्हायस न्हवं? मग ऱ्हाऊ दे आत्ता. भक्ती संपली की दोगं मिळून भायेर वतू. आन् रोज सांजच्याला घरी यायचं, मला धरून चालवायचं. पिऊन आलास, तर ह्यो वॉकर टाळक्यात घालीन. प्रार्थना कर आता.’’

‘‘मला येत न्हाय, मावशी. शब्दच ऱ्हायले न्हाईत.’’

‘‘मोटे शब्द कशाला? पडलो म्हनावं. त्याला ठावं हाय.’’

शमुवेलनं हात जोडले. ‘‘देवा, म्या पडलो. पुन्ना पडलो. तूच उटीव.’’ एवढंच. या मंदिरात मी लांबलचक, दागिने घातलेल्या प्रार्थना ऐकल्या आहेत. पण या प्रार्थनेनं माझ्या चारही पायांत कंप भरला.

पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन आले, नेहमीसारखे माझ्याजवळ थबकले आणि विठाबाईपुढं वाकले.

‘‘आदी त्याला,’’ ती म्हणाली.

‘‘पंचांची बैठक झाल्याशिवाय...’’ पुढून आण्णासाहेबांचा आवाज आला.

‘‘झाली की बैटक! आत्ता हितं झाली. ज्यानं मोडलं त्यो हाय, जिचं मोडलं ती हाय, आन् माफ करनारा वर हाय. आनिक कोन पायजे?’’

पाळकसाहेबांनी एकदा पुढं पाहिलं, एकदा क्रूसाकडं. मग पहिल्यांदाच त्यांनी पंचांकडं पाठ केली आणि शमुवेलच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. विठाबाईनं खालून आपला हात लावला. त्यामागून पेला आला आणि या वेळी फिरला नाही. तेवढ्यात सतरंजीवरून गिरिजाबाईचा आवाज आला, ‘‘अगं, मला उटवा गं कुनीतरी. म्याबी बाकावर जाते, मरू दे ती लाज!’’

उपासना संपल्यावर शमुवेलनं विठाबाईला धरून उठवलं आणि मंदिरामागच्या बाभळीखाली दोघांनी बाटली ओतली. तो पुन्हा पडणारच नाही, असं मी सांगणार नाही. मी लाकूड आहे, भविष्य सांगणारा नाही. पण रोज संध्याकाळी दारावरून वॉकरची ठक ठक जाते आणि सोबत दुसऱ्याच्या पावलांचा आवाज असतो. परवा तर भजनही ऐकू आलं.

मित्रांनो, आता तुम्हाला एक विनंती. मला रंग नको, पॉलिश नको. सणासुदीला जरासं जवसाचं तेल पुरे. पण माझ्यावर कुणी बसलेलं दिसलं, तर यानं काय केलं म्हणून मान वळवून बघू नका. पाप असो की गुडघा, दुखतं म्हणूनच माणूस टेकतो. आणि देवाची कृपा कुणाला द्यायची, हे ठरवायला बैठक बसवू नका. कृपा काही तुमच्या कपाटात ठेवायला दिलेली नाही.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. कारण आण्णासाहेब अजून पुढंच, सतरंजीवर बसतात. उठताना हल्ली त्यांचे गुडघे कडाकडा वाजतात, मला इथपर्यंत ऐकू येतात. हट्टी माणूस! शमुवेल दर रविवारी माझ्या टोकाला एका माणसाची जागा सोडून बसतो. कुणी विचारलं तर सांगतो, ‘‘आण्णासाबांसाटी हाय.’’