प्राध्यापकांची लेक कुठल्या शाळेत?

प्राध्यापकांनी उभी हयात एकच गोष्ट सिद्ध करण्यात घालवली होती. शिकल्यासवरल्या, खाऊनपिऊन सुखी घरातलं मूल कुठल्याही शाळेत घाला, ते सारखंच शिकतं. कारण त्याची खरी शाळा घरातच भरते. या निष्कर्षावर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्यांना बढती मिळाली, विमानाची तिकिटं मिळाली आणि जिकडेतिकडे पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली. बायको भूलतज्ज्ञ. "मी माणसं इंजेक्शनने झोपवते, हा व्याख्यानाने," असं ती चारचौघांत सांगायची आणि प्राध्यापकही मोठ्या मनाने हसायचे.

मध्यंतरी एकदा व्याख्यानाच्या भरात त्यांची जीभ सैल सुटली. "माझी मुलगी सरकारी शाळेतच जाईल," असं ते भर सभेत बोलून बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हा मुलगी, म्हणजे त्यांची भिंगरी, नुकती बोलायला लागली होती आणि पहिलीचा वर्ग फार लांब वाटत होता. बघता बघता ती सहा वर्षांची झाली आणि शब्द पाळायची वेळ आली.

सरकारी शाळा दोन गल्ल्या सोडून होती. तिघं मिळून बघायला गेले. प्राध्यापक मनातून एखादं सोयीचं कारण शोधायला आले होते. त्यांनी नळ सोडून पाहिला, तर पाणी आलं. स्वच्छतागृहात डोकावले, तर फिनेलचा वास. वर्गात एक तरुण शिक्षिका बादलीत काय बुडतं आणि काय तरंगतं ते मुलांना करून बघायला लावत होती, आणि कोणी कोणावर ओरडत नव्हतं. भिंगरीने तर आल्या आल्या कोपरापर्यंत हात बादलीत घातला. शेजारच्या मुलीने तिला स्वतःचं खोडरबर दिलं, तरंगतं का बघायला. निघताना तिला अक्षरशः उचलून आणावं लागलं. प्राध्यापक बाहेर आले ते तोंड पाडूनच.

"काय कमी आहे?" बायकोने विचारलं.

"कमी काहीच नाही गं."

"मग?"

"मग काय, चांगलीच आहे. पण..."

हा 'पण' पुढे आठवडाभर घरात नकोशा पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला. प्राध्यापक त्याला नाना नावं देऊन पाहत. कधी वातावरण, कधी भाषा, कधी संधी. मुलांबद्दल आपल्याला काही म्हणायचंच नाही, मुलं गोड आहेत, हे ते पुन्हा पुन्हा सांगत.

"सरळ बोल ना," बायको शेवटी वैतागली. "तिच्या वाढदिवसाला आपल्या घरी कोणाकोणाचे आईबाप येणार, याची तुला काळजी आहे. मलाही आहे. मी निदान त्यावर पुस्तक तरी लिहिलेलं नाही."

मग गुपचूप एका खासगी शाळेत अर्ज गेला. तिथे बसायला गुबगुबीत सोफे होते आणि भिंतीवर मुलांच्या चित्रांना महागातल्या चौकटी होत्या. प्रिन्सिपॉलबाई फारच गोड बोलणाऱ्या.

"तुमचं पुस्तक वाचलंय मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या मते आम्ही शिकवल्याने तसा काही फरक पडत नाही."

प्राध्यापक सावरासावर करू लागले. "ते सरासरीत तसं दिसतं. प्रत्येक मूल वेगळं असतं."

"नाही नाही, बरोबर लिहिलंय तुम्ही. म्हणून तर आम्ही मुलांची परीक्षा घेत नाही, आईबापांची घेतो. मुलं हुशार निघतातच, नाव शाळेचं होतं." त्यांनी दोघांच्या पदव्यांवरून कौतुकाने नजर फिरवली. "तुम्ही दोघं पास. फक्त पहिलीच्या जागा भरल्यात. कोणी नाव काढलं, तर पहिला फोन तुम्हाला."

असल्या शाळेतून नाव कोण काढतो? शाळा सुरू व्हायची वेळ आली तसं भिंगरीचं नाव सरकारी शाळेत घातलं गेलं. आणि नाइलाजाने का होईना, शब्द पाळला गेलाच आहे, हे प्राध्यापकांच्या ध्यानात आलं. त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, मुलीच्या फोटोसकट. अभिनंदनाचे इतके फोन आले की चार दिवसांत त्यांना स्वतःलाच तो सगळा प्रकार खरा वाटू लागला. बायको तेवढी लेख वाचून म्हणाली, "छान भूल दिलीस."

शाळेने नव्या पालकांपुढे बोलायला त्यांनाच बोलावलं. भाषण झकास झालं. समोरच्या बाकावर भिंगरी खोडरबरवाल्या मैत्रिणीला चिकटून बसली होती आणि दोघींचं काहीतरी खुसखुस चाललं होतं. भाषण संपल्यावर एक तरुण जोडपं पुढे आलं. तो आर्किटेक्ट, ती दाताची डॉक्टर.

"सर, तुमचा लेख वाचून आमची आठवडाभर भांडणं झाली," आर्किटेक्ट म्हणाला. "आज सकाळी मुलाचं नाव तिकडून काढलं आणि इथे घातलं. घरचे वेड्यात काढतायत. पण तुम्ही करू शकता, तर आम्ही का नाही?"

त्याने प्राध्यापकांचा हात घट्ट धरला आणि ते खरोखर हेलावले. त्यांचं म्हणणं इतकं मनावर आजवर कोणी घेतलं नव्हतं. बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "कुठल्या शाळेतून काढलंत?"

त्याने त्याच खासगी शाळेचं नाव सांगितलं.

"पहिलीतून?"

"हो, पहिलीतूनच."

प्राध्यापकांची नजर बायकोला शोधू लागली. ती दाराशी उभी होती. कानाला फोन होता, पण ती नुसती ऐकत होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या. हो म्हणू का?

प्राध्यापकांना लाज वाटली. अगदी कान तापण्याइतकी वाटली. समोरच्या माणसाने त्यांचा हात अजून सोडला नव्हता, आणि पलीकडे भिंगरी खिदळत होती. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी त्या लाजेच्या तळाशी जे काही होतं, ते सुटकेसारखं होतं. त्यांनी बायकोकडे बघून होकाराची मान हलवली.

मुख्याध्यापिका सगळ्यांना फोटोसाठी बोलावत होत्या. प्राध्यापकांना अर्थातच मधोमध उभं केलं. आर्किटेक्ट त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"खरं सांगू, सर? धाकधूक आहेच," तो हळूच म्हणाला. "पण तुमची मुलगी आमच्याच्या वर्गात आहे ना. तेवढाच आधार."

"आहे ना," प्राध्यापक म्हणाले, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि फोटोसाठी हसले.