तारांना लावलेले तेल

मी एक जुना पियानो आहे. पट्ट्या पंच्याऐंशी, त्यांतल्या चारांचे हस्तिदंत निघालेले; तारा दोनशे अठरा; पायपट्ट्या दोन; झाकणावर ठेवलेल्या, कागदावर हाताने लिहिलेल्या सात रचना.

मित्रांनो, एका पाद्र्याबरोबर मी जर्मनीहून तंजावूरला आलो. तो मायदेशी परतला, तेव्हा राजवाड्यामागच्या गल्लीतल्या गोपालकृष्णाने मला बैलगाडीतून घरी नेले. तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि सकाळी माझ्यासाठी रचना लिहायचा. स्वरांची वीण त्याने जुन्या युरोपीय रचनाकारांकडून घेतली, अडखळत धावणारी लय रेडिओवरच्या जॅझमधून. एकही रचना दोन मिनिटांहून मोठी नव्हती.

"गोपाळा, हे वाजवणे की आचमन?" वेंकूआत्या म्हणायची. "हातावर घेतले नाही तोच संपले!"

"आत्या, तुझी वीणा नुसती जुळेपर्यंत माझ्या सातही होतात."

गावात त्या रचना ऐकणारी ती एकटीच होती.

१९६१ च्या विजयादशमीला मद्रासहून रेकॉर्ड कंपनीचे एक गृहस्थ येणार होते. एकदा ऐकायचे, पसंत पडले तर रेकॉर्ड काढायची. तो रचना लिहू लागल्यापासून सात वर्षांत असे कोणी आले नव्हते.

आदल्या दिवशी सरस्वतीपूजा. त्या दिवशी वाद्ये देवीपुढे असतात; पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. सकाळी आत्याने मला गंध लावले, फुले वाहिली आणि पुढची फळी काढली. बोटे सहज सरकावीत म्हणून वीणेच्या तारांना ती जन्मभर खोबरेल लावत आली होती. माझ्याही एकेका तारेला तिने ते लावले, उरलेले तारा ताणून धरणाऱ्या खुंट्यांना चोळले. मला ओरडता येत नव्हते. दिवसभर तेल तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या लोकरीत आणि खुंट्यांच्या लाकडात मुरत राहिले.

दुसऱ्या दिवशी गोपालकृष्णाने पाहुण्यांपुढे पहिली रचना सुरू केली आणि मध्येच थांबला.

"पोत्यावर काठी मारल्यासारखे वाजते हो," पाहुणे म्हणाले. "याची रेकॉर्ड कशी काढायची?"

"दुरुस्त करून कळवू?"

"इकडे पुन्हा येणे व्हायचे नाही."

ते गेल्यावर आत्याने माझ्यात डोकावून पाहिले. "मीच केले का रे हे?"

"तू पूजा केलीस, आत्या."

त्यानंतर त्याने एकही रचना लिहिली नाही. मद्रासहून आलेला कारागीर म्हणाला, लाकडात शिरलेले तेल निघत नाही. मित्रांनो, वाद्याची माया जरूर करा; पण हात लावण्याआधी, त्याला काय सोसते ते जाणणाऱ्याला विचारा.

सातव्या रचनेचा अखेरचा खर्ज नऊ सेकंद घुमावा, असे कागदावर लिहिले होते. गोपालकृष्णाने कॉलेजातले स्टॉपवॉच आणून तो स्वर तीनदा वाजवला. सरासरी सव्वा सेकंद.