अठ्ठावन्नवर अडलेला पारा

मित्रांनो, मेणबत्त्यांच्या एका कारखान्यात मेणाच्या कढईत लटकणारा काचेचा तापमापक म्हणजे मी. अंगावरचे निम्मे आकडे पुसट झाले आहेत, पण पोटातला पारा अजून खरं बोलतो. या खरेपणापायी एका बाईची नोकरी जाण्याची वेळ आली होती.

मला घडवणाऱ्या कारागिराने वितळत्या बर्फात बुडवून माझ्यावर शून्याची खूण केली आणि उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून शंभराची. थोरल्या मालकांनी मला इथे आणलं. ते दिवसातून एकदा माझ्याकडे बघत, मग मेण ढवळणाऱ्या मावशींकडे बघून मान डोलवत. तेवढं कौतुक आम्हा दोघांना पुरत असे.

त्यांच्यामागे धाकटे मालक आले. यांचा विश्वास कुलपावरसुद्धा नव्हता. लावल्यावर तीनदा ओढून बघत. एके सकाळी त्यांनी दर पाच मिनिटांनी माझा आकडा कागदावर टिपायला सुरुवात केली. चाळीस, पन्नास, अठ्ठावन्न. मग अठ्ठावन्न, अठ्ठावन्न, अठ्ठावन्न.

"मावशी, गॅस जळतोय आणि पारा चढत नाही. मी पाठ फिरवली की शेगडी बारीक करता ना? वाचलेला गॅस जातो कुठे? घरी?"

"हो तर! डब्यातून नेते."

मालकांनी खरोखरच डबा उघडून हुंगला. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मावशींचा ढवळता हात क्षणभर थांबला. पगार तुटपुंजा का होईना, घर चालत होतं ते याच हातावर. "नाही यायची," त्या म्हणाल्या. "पण आज हलू नका इथून. तुमच्या डोळ्यांदेखत चोरते."

मालक स्टुलावर बसले. शेगडीची कळ त्यांनी दोरीने बांधली, गाठीवर कागद चिकटवून सही केली. ज्योत भडकलेली, मेणाचे गोळे गरगरताहेत, मावशी ढवळताहेत आणि मी अठ्ठावन्नवर. मालकांच्या कपाळावर घाम आला. थोडी उष्णता अशी आजूबाजूला जातेच, मित्रांनो, पण घामाने एवढा हिशेब लागत नव्हता.

"हाच बिघडलाय!" म्हणत त्यांनी मला उपसून चहाच्या उकळत्या पाण्यात बुडवलं. मी मुकाट शंभर दाखवले. मालकांनी आता पाण्याकडे संशयाने पाहिलं.

मला पुन्हा कढईत सोडलं. शेवटचा गोळा वितळला आणि मी चढू लागलो. साठ, पासष्ट, सत्तर.

"आता कशी आली उष्णता?"

"आधीही येतच होती," मावशी म्हणाल्या. "सोडा ती दोरी."

मालकांनी दोरी सोडली, मावशींनी शेगडी विझवली. मी भराभर उतरलो आणि अठ्ठावन्नवर पुन्हा अडलो. कडेने मेण पांढरं होऊ लागलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मालकांनी शेगडीजवळ हात नेला, ज्योत नव्हती. कढईजवळ नेला आणि चटकन मागे घेतला.

"विस्तव नाही, मग हे गरम कोण ठेवतंय?"

"मी डब्यातून नेलेला गॅस," मावशी म्हणाल्या. "घट्ट होताना मेण परत करतंय."

मित्रांनो, गॅसमधली ऊर्जा जळताना उष्णता होते. वितळताना मेण ती घेतं, पण तिच्यामुळे आपलं तापमान वाढू देत नाही. ती घनाचा द्रव करण्यात खर्ची पडते. पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. ती नाहीशी होत नाही. मेण गोठताना बाहेर येते. मला मात्र ती आत जाताना दिसत नाही. मी फक्त तापमान सांगतो. माणसाची नियत सांगायचं काम मला कोणी दिलेलं नाही.

मालकांनी आकडे टिपलेला कागद फाडला.

"मावशी, उद्या या."

"येईन. पण आधी हा ढवळायचा दांडा धरा. उरलेलं मेण आज तुम्ही वितळवायचं. शेवटचा गोळा जाईपर्यंत हात थांबवायचा नाही."

मालकांनी ढवळलं. अर्ध्या तासाने त्यांनी माझ्याकडे फार केविलवाण्या नजरेने पाहिलं. मी अठ्ठावन्नवर होतो. मावशी स्टुलावर बसल्या होत्या आणि शेगडीकडे नाही, मालकांच्या हाताकडे बघत होत्या.

तेव्हा मित्रांनो, मला आपटू नका, पुसताना आकडे खरवडू नका. आणि आकडा हलत नाही म्हणून कुणाला कामचोर म्हणण्याआधी, दांडा एकदा स्वतःच्या हातात घ्या.