बसवाल्या मावशींचा उजवा पाय

मित्रांनो, मी एक जुना पलंग आहे. पण माझ्यावर कुणाला झोप लागत नाही. माझ्या डोक्याकडच्या बाजूला गादीत एक उभी फट आहे. त्या फटीत तोंड घालून माणसं पालथी पडतात, खालची फरशी बघत राहतात आणि आता आपल्या पाठीचं काय होणार, या धास्तीने श्वास रोखून धरतात. दवाखान्यात मला ‘टेबल’ म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्यावर माणसं आडवी होतात, तेव्हा मी स्वतःला पलंगच समजतो.

ज्या बाईंकडे मी आहे त्या कायरोप्रॅक्टर आहेत. म्हणजे औषध-इंजेक्शन न देता, हातांनी मणके आणि सांधे मोकळे करणाऱ्या. माझा लोखंडी सांगाडा एका वेल्डरने जोडला आणि गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या एका कारागिराने माझ्यावर हिरवं रेक्झिन चढवलं. माझी खरी करामत कमरेखालच्या भागात आहे. तो भाग खटक्याने बोटभर वर उचलून ठेवता येतो आणि वरून हाताचा दाब आला की खट्कन खाली बसतो. नवखा माणूस तो आवाज ऐकून हमखास दचकतो. त्याला वाटतं, आपलं हाड मोडलं. अहो, तो आवाज माझा असतो.

आधी माझ्यावर बाईंचे वडील काम करत. त्यांच्या काळात माझं फार कौतुक झालं. वाकडे होऊन आलेले लोक सरळ होऊन जाताना माझ्या गादीवर थाप मारून जात. पुढे विजेवर वरखाली होणारा नवा पलंग आला आणि मला मागच्या बोळात नेऊन ठेवलं. दोन वर्षं माझ्या पाठीवर खोकी होती. मग नव्या पलंगाची मोटर जळाली, तेव्हा बाईंना माझी आठवण झाली. त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, फाटक्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावली आणि मी पुन्हा कामाला लागलो.

त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात बसवाल्या मावशी आल्या.

त्या शाळेची बस चालवत. बत्तीस मुलं सकाळी आणायची, लहानग्यांना दुपारी बाराला घरी सोडायचं आणि मोठ्यांना साडेतीनला. मुलं त्यांना बसमावशी म्हणत, म्हणून आमच्या दवाखान्यातही त्यांचं तेच नाव पडलं. पहिल्या दिवशी त्या दाराची चौकट धरून आत आल्या. कमरेतून निघालेली कळ उजव्या कुल्ल्यातून, मांडीच्या मागून थेट घोट्यापर्यंत जात होती.

“कोणी तापलेली तार ओढतंय आतून, असं वाटतं,” त्या म्हणाल्या.

बाईंनी घाई केली नाही. त्यांनी मावशींना माझ्यावर उताणं झोपवलं आणि उजवा पाय सरळ ठेवून हळूहळू वर उचलला. अर्ध्याहून कमी उंचीवरच मावशींनी माझी कड घट्ट पकडली. मग बाईंनी पायाचा अंगठा वर करायला लावला आणि स्वतः तो खाली दाबून पाहिला. टाचांवर चालवलं. पावलावर कापूस फिरवून दोन्हीकडे सारखं जाणवतं का, ते विचारलं. पायात ताकद होती. “मणक्यांमधली चकती नसेवर दाब देत असावी,” बाई म्हणाल्या. “हळूहळू बघू. पण एक लक्षात ठेवा. पाय बधिर झाला, लुळा वाटला किंवा लघवीला त्रास झाला, तर माझ्याकडे यायचं नाही. सरळ हॉस्पिटलात जायचं.”

“असं काही होणार नाही हो,” मावशी म्हणाल्या.

बाईंनी कार्डावर सगळं लिहून घेतलं, थोडा उपचार केला, थोडा व्यायाम शिकवला. दुसऱ्या खेपेला मावशी जराशा मोकळ्या चालत आल्या. मला हायसं वाटलं.

तिसरी खेप मात्र माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर सहा जण बसले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दोनदा दार ढकलून किती वेळ लागेल म्हणून विचारलं होतं. मावशी आल्या आणि पालथ्या पडल्या. मित्रांनो, पालथ्या माणसाचा चेहरा मला दिसत नसला तरी वजन बरोबर कळतं. त्या दिवशी त्यांचं उजवं पाऊल माझ्या कडेवरून बाहेर लोंबत होतं, दोरी तुटलेल्या पडद्यासारखं. निरोगी पाऊल तसं पडत नाही.

“कसं आहे?” बाईंनी विचारलं.

“बरंय. कळ कमी आहे.”

“पायाचं?”

“सगळं ठीक.”

बाईंनी मान डोलावली. अंगठा दाबून पाहिला नाही, टाचांवर चालवलं नाही. त्यांनी कंबर दाबली, माझा खट् आवाज झाला, आणि दहा मिनिटांत मावशी बाहेर गेल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ‘बाई, पाऊल बघा.’ पण माझ्याकडे आवाज एकच, आणि त्याचा अर्थ कुणाला लागत नाही. आठवडाभर मी बेचैन होतो. माझ्यावर कोणी आडवं झालं की आधी त्याच्या पायाच्या वजनाकडे माझं लक्ष जाई.

चौथ्या खेपेला मावशी दुपारी एकला आल्या. बस त्यांनी दवाखान्याच्या समोरच उभी केली होती. चावी हातात होती आणि आवाजात कधी नव्हे तो उत्साह.

“बाई, दुखणं गेलं बघा. पायात कळ म्हणून नाही. कमरेला तेवढा एक झटका द्या, म्हणजे मी साडेतीनच्या फेरीला मोकळी.”

त्या बोलत होत्या, पण चालताना त्यांचा उजवा बूट फरशीवर फटफट आपटत होता. बाई ते ऐकून जागच्या जागी थांबल्या.

“उताण्या झोपा. अंगठा वर करा.”

आपण केला, असं मावशींना वाटलं. अंगठा हलला नाही.

“करा ना वर.”

“केलाय की.”

बाईंनी कापूस घेतला. पावलावर, पोटरीवर, मांडीच्या आतल्या बाजूला फिरवला. प्रत्येक वेळी मावशी म्हणाल्या, “इथे नाही कळत.” त्यांचा आवाज लहान होत गेला. मग बाईंनी विचारलं, “लघवी कधी झाली शेवटची?”

“सकाळपासून लागल्यासारखं होतंय, पण होतच नाही. मला वाटलं, पाणी कमी प्यायले असेन.”

बाईंनी कापूस बाजूला ठेवला.

“मी आज तुम्हाला हात लावणार नाही,” त्या म्हणाल्या. “कळ थांबली ती पाय बरा झाला म्हणून नाही. नस दबून मुकी झालीय. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायचं. उद्यावर टाकलं तर पाय आणि लघवी, दोन्ही कायमचं जाऊ शकतं.”

“साडेतीनला मुलं फाटकात उभी असतात.”

“त्यांना दुसरं कोणी नेईल.”

“माझ्याशिवाय ती चढत नाहीत. एवढी एक फेरी करून जाते. दोन तासांनी काय आभाळ कोसळणार आहे?”

मावशी उठून बसल्या आणि पाय खाली टाकले. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना चावी ओढून घेता आली असती. पण बाईंनी नुसता हात पुढे केला आणि विचारलं, “आज गाडी चालवताना काही झालं का? खरं सांगा.”

मावशींच्या बोटांनी माझं रेक्झिन आवळलं. मग त्या सावकाश बोलू लागल्या. बाराची फेरी संपत आली होती. बसमध्ये चारच मुलं उरली होती. वळणावर एक हातगाडी आडवी आली. मावशींनी पाय ब्रेककडे नेला, पण पाऊल उचललंच गेलं नाही. बुटाचं टोक पेडलच्या खाली अडकलं. त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. हातगाडी आणि बस यांच्यामध्ये वीतभर जागा उरली. मागून मुलं हसली. त्यांना वाटलं, मावशींनी गंमत केली.

“आणि त्यानंतरही तुम्ही बस इथवर चालवत आणलीत?”

“हो.”

एवढं म्हणून त्यांनी चावी बाईंच्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवून रडू लागल्या.

त्यानंतरचा अर्धा तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. बाईंनी हॉस्पिटलला फोन करून काय झालंय ते स्पष्ट सांगितलं. मग शाळेला फोन केला, मग मावशींच्या नवऱ्याला. ते घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्यावरचं भिंग काढायचंही भान न राहता ते धावत आले. दोन माणसांनी मावशींना माझ्यावरून स्ट्रेचरवर सरकवलं. जाताना त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, की तिसऱ्या रांगेतल्या मुलीला बस लागते, तिला पुढे बसवा.

बाहेरच्या लोकांना बाईंनी परत पाठवलं आणि त्या माझ्या कडेवर येऊन बसल्या. हातात मावशींचं कार्ड होतं. पहिल्या दोन तारखांपुढे पायाच्या ताकदीबद्दल नीट लिहिलेलं होतं. तिसऱ्या तारखेपुढे जागा कोरी होती. बाईंनी पेन उचललं. मला धाकधूक वाटली. कोऱ्या जागेत काहीही लिहिता आलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. त्यांनी लिहिलं, ‘तपासलं नाही.’ खाली सही केली.

चार दिवस आम्हाला धड बातमी नव्हती. शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली, एवढं कळलं होतं. पुढचं कोणी सांगेना. फोन वाजला की बाई हातातला माणूस तसाच सोडून उठत आणि मी, चार पाय असूनही, जागचा हलू शकत नसे. पाचव्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. लघवी नीट होऊ लागली होती. पायाचं आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

साडेतीन महिन्यांनी मावशी आल्या. हातात काठी, बुटात पाऊल उचलून धरणारी प्लास्टिकची पट्टी आणि सोबत नवरा. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पण स्वतः उभ्याच राहिल्या.

“मला काही सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “तिसऱ्या वेळी मी तुमचा पाय तपासायला हवा होता. बाहेर गर्दी होती, म्हणून मी नुसतं विचारलं आणि सोडून दिलं. तपासला असता तर कदाचित आठवडा आधी कळलं असतं.” त्यांनी कार्ड पुढे केलं.

मावशींनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं.

“मला राग येतोय,” त्या म्हणाल्या.

“यायलाच हवा.”

“तुमचा येतोय आणि माझाही येतोय. त्या दिवशी अंगठा बधिर होता. मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तुम्ही माझं गाडी चालवणं बंद केलं असतं, म्हणून नाही सांगितलं. बत्तीस पोरं मागे बसवून मी फिरत होते.”

कोणी कुणाची समजूत घातली नाही. तसं करणं बरोबरही दिसलं नसतं. थोड्या वेळाने मावशी स्वतःच उठून माझ्यावर आडव्या झाल्या. हॉस्पिटलातून व्यायामाचा कागद आला होता, त्याप्रमाणे बाई काम करणार होत्या. कमरेला झटका नाही, माझा खटकाही नाही. बाईंनी पट्टी काढली आणि म्हणाल्या, “अंगठा वर करा.” अंगठा थरथरला. मग जेमतेम नखभर वर आला आणि तिथे टिकला. माझ्यावर आजवर हजारो माणसं झोपली असतील, पण एवढ्याशा हालचालीसाठी मी कधी इतका कान देऊन बसलो नव्हतो.

मावशी आता बस चालवत नाहीत. पाऊल पूर्ण सुधारलं नाही, कदाचित सुधारणारही नाही. त्या बसच्या दाराशी बसतात, मुलांना चढवतात-उतरवतात. नवा ड्रायव्हर वळण जोरात घेतो तेव्हा आपले हात आपोआप स्टिअरिंगसारखे फिरतात, असं त्या हसत सांगतात. हसताना त्यांचं वजन माझ्यावर जड होतं, हे मात्र फक्त मला कळतं.

साडेतीन महिन्यांनी त्या आल्या, त्या दिवशी निघताना त्यांचे यजमान दारात थांबले. इतके महिने मनात धरून ठेवलेलं त्यांनी तेव्हा विचारलं.

“मला तरी सांगायचं होतंस. मी विचारलं होतं की तुला, पाय का ओढतेस म्हणून.”

“विचारलं होतंत,” मावशी म्हणाल्या. “एकदाच.”

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. दुखणाऱ्या नसा तुम्हाला बऱ्या करता येणार नाहीत आणि मलाही येत नाहीत. पण तुमच्या घरात कोणीतरी असेल, जे जिना चढताना थांबतं, चप्पल घालताना भिंत धरतं आणि विचारलं की म्हणतं, ‘काही नाही, जरा मुंग्या आल्यात.’ मोठी माणसं हे वाक्य फार सफाईने बोलतात. माझ्या गादीवर तोंड खुपसूनही ती ते बोलतात. तेव्हा तुमची एवढीच मदत हवी. त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या पायावर हात ठेवा आणि दुसऱ्यांदा विचारा.