सादळलेली पट्टी

विद्यापीठात विज्ञान-उत्सव होता आणि वहिनी सकाळपासून चहा गाळत होत्या. जिने चार वर्षं प्रयोगशाळेत मान मोडून काम केलं, तिच्या हातात गाळणी! पण त्या घराची रीतच तशी. सासरे रसायन विभागाचे जुने प्रमुख, धाकटा दीर तिथेच प्राध्यापक, आणि विधवा थोरली सून म्हणजे ‘घरचं माणूस’. घरच्या माणसाला पगार नसतो, हुद्दा नसतो, शोधनिबंधावर नाव तर नसतंच. इतर विभागांतही अशा दोन-तीन ‘घरच्या’ बायका होत्या. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

नवरा गेला तेव्हा त्याचं काम अर्धवट राहिलं होतं. विहिरीच्या पाण्यात विष असेल तर लाल होईल अशी कागदाची पट्टी त्याला करायची होती. ती वहिनींनी केली. भूगर्भवाल्यांकडून पाण्याचे नमुने आणले, वनस्पतिवाल्यांकडून फुलांचा रंग, वैद्यकवाल्यांकडून विषाचं प्रमाण समजून घेतलं, आणि हजारभर पट्ट्या बुडवून पाहिल्या. भावजी म्हणजे आयत्या बिळावर नागोबा! वहिनींच्या वह्या ते ‘शास्त्रीय भाषेत’ उतरवून काढत आणि खाली स्वतःची सही ठोकत.

दहा वाजता त्या थर्मास घेऊन सभागृहात गेल्या. कुठे दुर्बिणीपाशी रांग, कुठे हाडांचा सांगाडा बघून पोरांची किंचाळी. मधल्या टेबलावर भावजींचा हसरा फोटो, आणि पाहुण्यांना पट्ट्यांची पाकिटं फुकट वाटली जात होती. वहिनींनी एक पट्टी चिमटीत धरली. ती लुळी पडली.

“भावजी, या कुठल्या पट्ट्या?”

“तळघरातल्या, मागच्या वर्षीच्या. का?”

“अहो, वहीत लिहिलं होतं ना मी! सादळलेली पट्टी मुकी होते. पाण्यात विष असलं तरी लाल होत नाही.”

भावजी हसले. “ते होय! मला वाटलं, तुमचं स्वयंपाकघरातलं काहीतरी असेल. पापड सादळतात वहिनी, शोध नाही. मी ते वाक्य गाळलं.”

“किती वाटल्या?”

“तीनशे तरी गेली पाकिटं. आता गवगवा नको, कुलगुरू येताहेत.”

वहिनी धावत सासऱ्यांकडे गेल्या. “बाबा, थांबवा हो हे.”

सासऱ्यांनी मान वळवली नाही. “सूनबाई, आज तोंड उघडलंस तर या घरात पाऊल टाकायचं नाही. ठकी आमच्या रक्ताची आहे. ती आमच्याकडे राहील.”

ठकी नऊ वर्षांची. बाप गेल्यापासून आईचं बोट धरल्याशिवाय तिला झोप येत नसे. वहिनी मुकाट्याने थर्मासपाशी येऊन उभ्या राहिल्या. ना कमाई, ना माहेर. कशाच्या जोरावर बोलायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तेवढ्यात तान्हं कडेवर घेतलेल्या एका बाईने पाकीट उचललं. “बरं झालं बाई! आता लांबच्या नळावर जायला नको. पट्टी पांढरी राहिली की घरच्याच विहिरीचं पाजते पिल्लाला.”

वहिनी काही म्हणायच्या आत ती गर्दीत दिसेनाशी झाली. त्यांनी थर्मास खाली ठेवला, टेबलावरची ‘विषारी नमुना’ लिहिलेली बाटली पेल्यात ओतली आणि नुकत्याच आलेल्या कुलगुरूंच्या देखत पट्टी आत बुडवली. पट्टी पांढरीच राहिली.

“भावजी, तुमची पट्टी म्हणते पाणी चांगलं आहे. घ्या, प्या!”

भावजींचा हात काही पुढे येईना.

“या बाई कोण?” कुलगुरूंनी विचारलं.

“आमच्या घरच्याच आहेत,” भावजी घाम पुसत म्हणाले. “भाऊ गेल्यापासून जरा डोक्यावर परिणाम झालाय.”

टेबलावरची पाकिटं हळूच उचलली गेली. वहिनींनाही बाहेर काढलं. गेलेल्या तीनशे पाकिटांचं काय, हे कुणी विचारलंच नाही. निघताना वहिनींनी पाहुण्यांच्या नावा-पत्त्यांची नोंदवही तेवढी काखेत मारली.

त्या घरी पोचल्या तोवर सासऱ्यांचा फोन आधीच पोचला होता. दाराला आतून कडी, बाहेर त्यांची पेटी. आतून ठकी “आई, आई” म्हणून आक्रोश करत होती. वहिनींनी तळहात सुजेपर्यंत दार बडवलं. सासूबाई आतून एवढंच म्हणाल्या, “माझ्या हातात काही नाही गं.” भर दुपारी वहिनींनी पायरीवर बसून ऊर फुटेस्तोवर रडून घेतलं.

मग डोळे पुसून त्या दाराच्या फटीशी वाकल्या. “ठके, मी कोर्टात जाईन, तुला घेऊन जाईन. पण ते बाळ आज संध्याकाळीच पाणी पिईल गं. आधी तिकडे जाऊन येते.”

आणि नोंदवहीतला पहिला पत्ता शोधत त्या चालू लागल्या.

वाचकहो, आज-उद्या तुमच्याही दाराशी एक बाई येईल, धुळीने माखलेली, पट्ट्यांचं पाकीट परत मागणारी. वेडी म्हणून तिला हाकलू नका. पाकीट तिच्या हाती द्या, आणि तिला तिचं नाव विचारा. चार वर्षांत ते कुणीही विचारलेलं नाही.